सात नंबरच्या मागे अकरा लॅप: आमच्या इनडोअर गो-कार्ट ट्रॅकच्या मालकांना खुलं पत्र

मालक आणि ट्रॅक मॅनेजर यांस,

स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या हीटला, म्हणजे दहा मिनिटांच्या एका खेळाला, मी सात नंबरच्या कार्टमागे अकरा लॅप काढले. सात नंबरमध्ये आमच्या अकाउंट्सचे एक काका होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गो-कार्टमध्ये पहिल्यांदाच बसलेले. सरळ भागात ते अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबत होते आणि प्रत्येक वळणाआधी, गल्लीतला गतिरोधक आल्यासारखे, ब्रेकवर पाय ठेवून अलगद आत शिरत होते. तरी मला पुढे जाता आलं नाही. अकरा लॅप त्यांच्या हेल्मेटवरचं अर्धं सोललेलं वाघाचं स्टिकर बघत बसलो. माझ्या मागे आणखी तिघं. ट्रॅकवरच्या तुमच्या मार्शल पोरानं निळा झेंडा (मागच्याला वाट दे, असा इशारा) दाखवला, तर काकांनी हात वर करून त्याला नमस्कार केला.

उतरल्यावर घाम पुसत काका म्हणाले, "अरे, मला कोणी ओव्हरटेकच करू शकलं नाही की!" खरंच होतं ते. त्या रात्री साक्षात जगज्जेता आला असता तरी त्याला काकांच्या मागेच फिरावं लागलं असतं.

काउंटरवरच्या तुमच्या फीडबॅक फॉर्मवर पाच तारे आणि एक ओळ एवढीच जागा आहे. म्हणून उघड पत्र लिहितोय. दर आठवड्याला येणारे बाकीचेही वाचतील, चुकलं तर मला सुधारतील.

आधी माझ्याबद्दल. मी ट्रॅक डिझायनर वगैरे नाही. चाकणच्या एका कारखान्यात प्लांट लेआउट करतो. कुठलं मशीन कुठे बसवायचं, ट्रॉली कुठून न्यायची, माल कुठे साठवायचा. या कामात आम्हाला एकच मंत्र शिकवलेला असतो: जो पार्ट आधी आत आला तोच आधी बाहेर पडला पाहिजे, वाटेत कोणी कोणाला ओलांडायचं नाही. फर्स्ट इन, फर्स्ट आउट. तुमच्या ट्रॅकवर आठ कार्ट ज्या क्रमानं सुटतात त्याच क्रमानं परत येतात. आमच्या ऑडिटरला दाखवला असता तर त्यानं पाठ थोपटली असती. पण आम्ही तिथे गुरुवारी रात्री, दिवसभर असल्या लाइनीवर काम करून झाल्यावर, माणशी पैसे मोजून येतो.

पावसाळ्यात एका मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मॅनेजरसाहेबांच्या परवानगीनं आम्ही टेप लावून ट्रॅक मोजला. टेपचं दुसरं टोक तुमच्याच एका मार्शलनं धरलं होतं, त्याचे आभार. तुमची शेड ७५ बाय ४० मीटर, म्हणजे साधारण ३२ हजार चौरस फूट. बोर्डावर लिहिलंय ४२० मीटर, आम्हाला मधल्या रेषेवर ४१६ मिळाले. बोर्ड खोटं बोलत नाही. वळणं चौदा, त्यातली नऊ हेअरपिन, म्हणजे गाडीचं तोंड पूर्ण मागे फिरवणारी. त्यांची त्रिज्या चार ते पाच मीटर. रुंदी सरळ भागात ५.२ मीटर, पण वळणाच्या तोंडाशी टायर धक्के खाऊन खाऊन आत सरकलेत आणि तिथे कुठे ४.३ तर कुठे चारच मीटर उरलेत. हायवेकडच्या भिंतीलगत ५८ मीटरचा सरळ पट्टा आहे. शेडमध्ये एवढा लांब, खांब मध्ये न येणारा दुसरा तुकडा नाही. आणि बरोबर त्याच्याच मधोमध तुम्ही शिकेन टाकली आहे. टायरची दोन बेटं, डावीकडून उजवीकडे जा आणि पुन्हा डावीकडे या.

हे सगळं का झालं ते मला कळतं. 'शहरातला सर्वात लांब' हे बोर्डावर लिहायला छान वाटतं. पण शेड तेवढीच आहे. कणकेचा गोळा तेवढाच असला आणि पोळी लांब लाटायची म्हटलं की ती अरुंद होणारच. पिट (कार्ट उभ्या करायची जागा), लॉबी आणि कॅफे सोडून तुमच्याकडे अंदाजे अडीच हजार चौरस मीटर उरतात. सव्वापाच मीटरचा रस्ता आणि पाऊण मीटरची टायरची भिंत धरली तर ४१५ ते ४२० मीटर बसतात, आणि तेच तुम्ही बसवलेत. रस्ता सरासरी सात मीटर केला तर सव्वातीनशे मीटर बसतील.

माझी मागणी तेवढीच आहे. ट्रॅक शंभरएक मीटरनं छोटा करा.

'रुंद केला की ओव्हरटेक होतो' एवढं ते सोपं नाही, त्यामुळे कारण नीट सांगतो. आठही कार्ट जवळपास सारख्या वेगाच्या आहेत. मग पुढच्याला गाठायचं कुठे? ब्रेक मारताना. पुढचा जिथे ब्रेक मारतो त्याच्यापुढे दोन मीटर जाऊन मी ब्रेक मारला, तर मी त्याच्या बाजूला येतो. दोन मीटर म्हणजे साधारण एका कार्टची लांबी. आता हिशेब बघा. शिकेन नसती तर त्या ५८ मीटरमध्ये कार्ट ताशी ५० च्या आसपास पोचेल. तिथून हेअरपिनसाठी २५ वर यायचं तर, आपल्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असल्यामुळे, अंदाजे पंधरा मीटर लागतात. पंधरा मीटरमध्ये धीटाला, अनुभवी माणसाला दोन मीटर कमावता येतात. आज शिकेनमुळे तिथे वेग कसाबसा ३५ होतो. ३५ वरून २५ वर यायला पावणेपाच मीटर पुरतात. पावणेपाचातले दोन मीटर कोण कमावणार? कमावायला जातो तो समोरच्याच्या मागच्या बंपरवर आदळतो, आणि मग तुमचा मार्शल त्यालाच ओरडतो.

दुसरी गोष्ट, एकामागे एक चिकटलेल्या कार्टच्या आगगाडीची. दोघांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर ताशी २५ च्या वेगात ते साडेतीन मीटर दिसतं, ५० च्या वेगात सात मीटर. अंतर वेळेत तेवढंच राहतं, डोळ्यांना मात्र हेअरपिनमध्ये आपण अगदी चिकटलोय असं वाटतं आणि सरळ भागात पुढचा निसटतोय असं. नऊ हेअरपिन म्हणजे नऊ वेळा चिकटायचं आणि नऊ वेळा सुटायचं. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

तिसरी गोष्ट कार्टच्या पोटातली. मोटारीला, इंजिन फिरवतं त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. कार्टचा मागचा अ‍ॅक्सल एकच सलग दांडा, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच कार्ट मोकळेपणानं वळते. स्पर्धेची हलकी कार्ट ते सहज करते. आपल्या भाड्याच्या कार्टला चारही बाजूंनी बंपर, वर बॅटऱ्यांचं वजन. चार मीटरच्या वळणात ती अडखळत, टायर घासत, कुंथत फिरते. तिथे मी कितीही छान लाइन (वळणातून जायची वाट) धरली आणि काकांनी कितीही वाईट धरली तरी दोघं बाहेर सारख्याच मरतुकड्या वेगानं पडतो. कौशल्याला वावच नाही. जमिनीची ग्रिप (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरली तर चार मीटरच्या वळणात ताशी २० च्या वर जाता येत नाही. तेच वळण नऊ मीटरचं केलं तर ३० पर्यंत जाता येतं, आणि ३० च्या वेगात कोण आधी गॅस देतो, कोण स्टिअरिंग जास्त पिळतो, याला किंमत येते.

मघाशी जगज्जेत्याचं म्हटलं ते उगाच नाही. २०१० साली अबुधाबीच्या यास मरिना सर्किटवर फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत होती. फर्नांडो अलोन्सो, दोनदा विश्वविजेता झालेला माणूस, तिसऱ्या किताबाच्या दारात उभा होता. तो विताली पेत्रोव्हच्या मागे अडकला आणि शर्यत संपेपर्यंत अडकूनच राहिला. किताब सेबास्टियन व्हेटेल घेऊन गेला. पेत्रोव्ह म्हणजे अलोन्सोचे सात नंबरचे काका. (पेत्रोव्ह चालवत मात्र उत्तम होता, तो अपमान नको.) त्या ट्रॅकचं दुखणं तुमच्यासारखंच होतं: लांब सरळ पट्ट्याआधी हेअरपिन आणि त्या हेअरपिनच्या तोंडावर शिकेन. मागचा माणूस शिकेनमध्येच मागे पडायचा आणि सरळ पट्टा वाया जायचा. २०२१ मध्ये त्यांनी ती शिकेन उखडून टाकली, हेअरपिन मोकळी आणि रुंद केली, दुसऱ्या सरळ पट्ट्याच्या शेवटची कोनाकोनांची वळणं काढून तिथे एकच लांब, बाहेरून उचललेलं वळण केलं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला, शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या लॅपला, मॅक्स व्हर्स्टापेननं लुईस हॅमिल्टनला मागे टाकलं ते त्याच मोकळ्या केलेल्या हेअरपिनवर, पाचव्या वळणावर. सेफ्टी कारचा (शर्यत संथ करायला पुढे घालतात त्या गाडीचा) वाद वेगळा, व्हर्स्टापेनचे टायर ताजे होते हेही मान्य. पण जुन्या ट्रॅकवर त्या वळणाच्या तोंडावर शिकेन होती.

तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी हेच चाललंय. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कनं २०२२ मध्ये एक शिकेन काढली आणि काही वळणं रुंद केली, बार्सिलोनानं २०२३ मध्ये शेवटच्या वळणाआधीची शिकेन काढली. आपल्याकडे ग्रेटर नोइडाचं बुद्ध सर्किट बांधतानाच काही वळणांची तोंडं मुद्दाम रुंद ठेवली होती, मागच्याला आत किंवा बाहेर असा पर्याय राहावा म्हणून. तिथे फॉर्म्युला वन तीनच वर्षं टिकली, २०११ ते २०१३. त्याचं कारण ट्रॅक नव्हता.

आणि फॉर्म्युला वनवाल्यांकडे एक सबब तरी आहे. पुढच्या गाडीनं ढवळलेली हवा मागच्या गाडीच्या पंखांना पकड देत नाही, त्यामुळे जवळून पाठलाग करणं कठीण जातं. आपल्या कार्टला पंख नाहीत. ताशी ४० मध्ये कसली आलीय ढवळलेली हवा! आपली अडचण शंभर टक्के टायरच्या भिंतीनं तयार केलेली आहे, आणि ती भिंत हातानं हलवता येते.

मला काय बदल सुचतो ते सांगतो. हायवेकडच्या पट्ट्यातली शिकेन काढा. त्या पट्ट्याच्या शेवटी उजवं हेअरपिन आहे, त्याचं तोंड नऊ मीटर करा. आतली त्रिज्या तशीच ठेवली तरी चालेल, बाहेर पडायची बाजू सात मीटर. गंमत अशी की एवढ्या रुंद तोंडात पुढचा माणूस कात्रीत सापडतो. आतली बाजू झाकली तर त्याला वळण फार आवळून घ्यावं लागतं आणि बाहेर पडताना तो मंदावतो. आतली बाजू उघडी ठेवली तर मी आत शिरतो. आत शिरलेला मी जोराच्या भरात बाहेर फेकला गेलो, तर तो आतून कापून पुन्हा माझ्या पुढे. हेअरपिननंतर पंचवीसएक मीटरवर डावं वळण ठेवा. उजव्या वळणात जो बाहेरच्या बाजूला होता तो डाव्या वळणात आपोआप आतल्या बाजूला येतो, म्हणजे भांडण एका वळणात संपत नाही, दुसऱ्यात जातं. ओव्हरटेक झाला की नाही यापेक्षा, दोन वळणं दोघं खांद्याला खांदा लावून गेले, यातच सगळी मजा आहे.

तेवढंच महत्त्वाचं, पट्ट्याआधीचं वळण. आज तिथे खांब क्रमांक चार आणि पाचच्या मध्ये दोन हेअरपिन पाठोपाठ आहेत. दोन्ही काढून एकच लांब उजवं वळण करा, त्रिज्या नऊ-दहा मीटर, रुंदी साडेसहा. पट्ट्यावर पोचताना मी पुढच्याच्या बंपरला चिकटलेला असलो तरच पट्ट्याच्या शेवटी काही करू शकतो. अशा वळणात एकजण आतून जातो, एकजण बाहेरून मोठा फेरा मारून जोरात बाहेर पडतो. बाहेरून जाणाऱ्यानं बाकीच्यांपेक्षा अर्धा सेकंद आधी गॅस दिला की पट्टाभर त्याचा वेग थोडा जास्त राहतो.

कॅफेच्या काचेसमोरचा नागमोडी भाग मात्र हात लावू नका. तिथे कोणी कोणाला ओलांडू शकत नाही हे खरं, पण तिथे लय आहे. डावं, उजवं, डावं, पाय ब्रेकला न लावता निघता येतं, आणि पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हातवारे करून दाखवलं होतं. सगळ्या ट्रॅकवर मारामारी नको असते. थोडं गाणंही पाहिजे.

हे सगळं धरून वळणं चौदाची नऊ होतात, लांबी ३३० च्या आसपास. आज चांगल्या चालवणाऱ्याचा लॅप ४५ सेकंदांचा आहे. माझ्या हिशेबानं नव्या आखणीत तो ३१-३२ चा होईल. दहा मिनिटांच्या हीटमध्ये आज तेरा लॅप होतात, तिथे अठरा-एकोणीस होतील. गिऱ्हाइकाला तेवढ्याच पैशांत पाच-सहा लॅप जास्त. बोर्डावर 'सर्वात लांब' पुसावं लागेल, पण 'दहा मिनिटांत १८ लॅप' लिहायला कोण अडवतंय?

आता सुरक्षेचं. तुम्ही शिकेन टाकली ती गंमत म्हणून टाकली नव्हती, हे मला मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. वेग कमी राहावा हा हेतू. त्यांची भीती रास्त आहे: धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३५ ऐवजी ५० नं भिंतीला लागलं तर दणका दुप्पट. इलेक्ट्रिक कार्ट जड, त्यामुळे आणखीच. म्हणून त्या हेअरपिनच्या मागे आजची एक रांग टायर पुरणार नाही. पण ट्रॅक नव्वद मीटरनं कमी झाला की तेवढ्या लांबीच्या भिंतीचे टायर मोकळे होतात. ते तिथे दोन-तीन रांगांत, एकमेकांना बोल्टनं आवळून, खांबापासून निदान तीन मीटर पुढे लावा, म्हणजे मागे सरकायला जागा राहील. नवीन टायर विकत आणायची गरज नाही. पुढून कन्व्हेयर बेल्टची पट्टी सगळीकडे हवी. आज ती फक्त पिटसमोर आहे. उघड्या टायरात कार्टचा बंपर रुततो आणि कार्ट जागच्या जागी गर्रकन फिरते. पट्टीवरून घसरत जाते आणि माणूस हसत पुढे निघतो. पट्टीचे जोड माशाच्या खवल्यांसारखे, धावण्याच्या दिशेनं एकावर एक यायला हवेत. खांब सहाजवळ एक जोड उलटा आलाय, त्याची कड बाहेर निघालीय. मी हाताचा अंगठा तिथे खरचटून घेतलाय, बंपर कधी अडकेल सांगता येत नाही.

आणि मॅनेजरसाहेबांना एक विचारतो. महिन्यात जेवढ्या धडका होतात त्या कुठे होतात, लिहून ठेवता का? आम्ही गुरुवारी बघतो त्या बहुतेक हेअरपिनच्या तोंडाशी असतात. चार मीटर जागा म्हणजे कागदावर पावणेतीन कार्ट. प्रत्यक्षात वळणारी कार्ट तिरकी येते आणि दीड कार्टाची जागा सोडते. दीड कार्टाची जागा ही सगळ्यात वाईट. शिरावंसं वाटतं आणि शिरता येत नाही. अर्धी जागा दिसली की माणूस घुसणार, हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. पूर्ण जागा द्या किंवा अजिबात देऊ नका.

केसांबद्दलही एक. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजौरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ गो-कार्टमध्ये केस अडकून दोन तरुण स्त्रियांचा जीव गेला. तुमच्याकडे हेल्मेटखाली टोपी देतात, चांगलं आहे. पण गर्दीच्या शनिवारी टोप्या संपतात आणि 'वेणी आत खोचा' म्हणून भागवलं जातं. ट्रॅक बदला अथवा न बदला, त्या दिवशी टोपी नसेल तर कार्ट देऊ नका. आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची झाकणं एकदा सगळ्या कार्टची तपासा. तीन नंबरचं झाकण दोन महिने झाले दोरीनं बांधलेलं आहे.

जमिनीचा विषय थोडक्यात. इपॉक्सीच्या फरशीवर टायरचं रबर फक्त लाइनवर चढलंय, दोन फूट बाजूला धूळ. बाजूनं जायला जागा दिली आणि तिथे चाक घसरलं तर जागा असून नसल्यासारखीच. रोज रात्री मॉप फिरवताना लाइनच्या बाहेरही फिरवा, आणि नवी आखणी झाल्यावर पहिले आठ दिवस सरावाच्या वेळी शंकू लावून लोकांना आतल्या बाजूनं जायला लावा, म्हणजे तिथेही रबर बसेल.

आता निकालाची पद्धत. याला टायर हलवायचीही गरज नाही. तुमचा स्क्रीन नंबर लावतो तो सर्वात चांगल्या लॅपवर. म्हणजे एका लॅपसाठी मोकळा रस्ता मिळाला की पहिला नंबर. मग कोणी कोणाला का गाठेल? हुशार लोक मुद्दाम मागे राहतात, पुढे जागा करतात आणि एक लॅप मारून घेतात. आमच्याकडे मावळात, खेडला बैलगाडा शर्यतीच्या घाटात (धावपट्टीला घाटच म्हणतात) एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल सेकंदावर लागतो. ती पद्धत न्यायाची आहे, कारण तिथे एकच गाडा धावतो. आठ बैलगाडे एकत्र सोडून मग निकाल सेकंदावर लावला तर गावकरी पंचांना घाटातच गाठतील. शनिवार-रविवार घरचे लोक येतात त्यांना लॅपवरच नंबर द्या, बरोबर आहे. पण गुरुवारच्या लीगला तरी पाच मिनिटं क्वालिफाइंग (सुटायचा क्रम ठरवणारे लॅप) आणि पंधरा लॅपची शर्यत, जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला, असं करा. कार्टवर वेळ नोंदवणारे ट्रान्सपॉन्डर आहेतच.

त्याच लीगसाठी वजनाचं बघा. माझं वजन ९४ किलो, आमच्या ट्रेनीचं ५२. त्याला मी कधीच हरवू शकत नाही आणि हरल्यावर रडूही शकत नाही, कारण वरून हसतात. सीटमागे लोखंडी पट्ट्या बसवायची जागा कार्टला दिलेली आहे, रिकामीच आहे. ८५ किलोपर्यंत सगळ्यांना भरून काढा. माझे वरचे नऊ किलो माझ्या बायकोच्या पुरणपोळ्यांचे, ते मी वाहीन.

आणि रिमोट. कोणी एक जण गर्रकन फिरला की तुमचा पोरगा सगळ्याच्या सगळ्या कार्ट रांगत्या वेगावर आणतो. पलीकडच्या टोकाला, जिथून तो फिरलेला दिसतही नाही, तिथे चाललेली झुंज तिथेच संपते. सिस्टीममध्ये ट्रॅकचे वेगवेगळे भाग करून तेवढ्याच भागात वेग कमी करता येत असेल तर तसं करा. नसेल तर निदान ठरवून घ्या, कार्ट रस्त्याच्या आडवी असेल तरच सगळ्यांना थांबवायचं.

कोल्हापूरला मोहिते रेसिंग अ‍ॅकॅडमीचा उघड्यावरचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही तिथे झाल्यात. तो आणि तुमची शेड यांची तुलना करणं चूक आहे हे मला कळतं. तुमच्याकडे छप्पर आहे, पावसाळ्यात चालतं, ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे आणि रात्री अकरापर्यंत उघडं असतं. पेट्रोलच्या कार्ट काढून इलेक्ट्रिक आणल्यात तेव्हापासून घरी जाताना डोकं दुखत नाही, कपड्यांना वास येत नाही. त्यासाठी तुम्ही बराच खर्च केलाय, आणि आम्हीही दरवाढीचं एक अक्षर न काढता पैसे भरलेत. म्हणूनच हे सांगायला जीभ धजावते.

खर्चाची भीती असेल तर हे असं करून बघा. सोमवारी तुम्ही बंद असता. एका सोमवारी शिकेनची ती दोन बेटं तेवढी बाजूला करा. हेअरपिनच्या तोंडाशी टायर ओढून नऊ मीटर करा. मागे दोन रांगा टायर जास्त लावा, आणि रिमोटनं सगळ्या कार्टचा कमाल वेग ४० ला बांधून टाका. बाकी काही हलवू नका. आम्ही आठ जण येतो, हीटचे पैसे नेहमीसारखे देतो, टायर ओढायलाही हात लावतो. कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्की मारून नवी लाइन आम्ही आखून देऊ, तुमच्या पोरांनी फक्त पुसायचं. दोन तास चालवू. किती वेळा कोण कोणाच्या पुढे गेलं आणि किती वेळा कोण कोणाला लागलं, दोन्ही आकडे मॅनेजरसाहेबांनी आपल्या हातानं लिहावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडण्याआधी सगळं होतं तिथे परत लावून देऊ.

१:२०० च्या मापात काढलेला नवा आराखडा काउंटरवर पाकिटात ठेवून आलोय. ए-थ्री कागद आहे, पिटच्या बाजूला चहाचा एक डाग पडलाय तो खांब समजू नये. खांब क्रमांक सात मी अर्धा मीटर चुकवला असण्याची शक्यता आहे, टेप तिथे कॅफेच्या पायरीवरून गेला होता. तो एकदा मोजून घ्या.

काकांना मी सांगितलंय की त्या सोमवारी यायचंच. ते तयार आहेत. सात नंबरच पाहिजे म्हणतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गुरुवारच्या साडेनऊच्या हीटमधला, बहुधा पाच नंबरच्या कार्टमध्ये असणारा